थीम पार्कच्या दारात मुलांच्या वयाचा पुरावा मागतात का? नेमकं काय न्यावं?

ओंजळ

मुलांना घेऊन मोठ्या थीम पार्कला जायचं ठरलं की तिकिटांच्या पानावर पहिला प्रश्न वयाचा येतो. अमुक वर्षांखाली मोफत, मग लहान मूल, मग प्रौढ. पण हे वय दारात कोण तपासतं, कशावरून तपासतं, हे तिथे धड सापडत नाही. म्हणून जाणकारांना विचारते.

१. दोन वर्षं दहा महिन्यांचं मूल थोराड असेल, चारचं दिसत असेल, तर मोफत सोडतात की अडवतात?
२. दहाव्या वाढदिवसाला आठवडा बाकी असेल तर तिकीट लहान मुलाचं की प्रौढाचं?
३. सहलीच्या मधेच वाढदिवस आला तर?
४. मूळ कागदच न्यायचा की फोनमधला फोटो चालतो? जन्मदाखला इंग्रजीत नसेल तर?

"कोणी काही विचारत नाही, बिनधास्त जा" एवढ्यावर थांबू नका, ही विनंती. कुठे विचारतात, का विचारतात आणि विचारलं तर काय दाखवायचं, हे हवं आहे.

पायवाट

पासपोर्ट. परदेशी जाताना मुलाचा पासपोर्ट असतोच. फोटो, नाव, जन्मतारीख एकाच पानावर. त्याहून भक्कम काही नाही.

तिकीटखिडकी

आधी कुठल्या पार्कात रेषा कुठे आखली आहे ते बघा, ती सगळीकडे सारखी नाही.

फ्लोरिडात ऑर्लँडोजवळचं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड आणि कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड: ३ वर्षांखाली तिकीटच नाही, ३ ते ९ लहान मूल, १० पासून प्रौढ. युनिव्हर्सल ऑर्लँडोही ३ ते ९. डिस्नेलँड पॅरिस आणि हाँगकाँग डिस्नेलँड: ३ ते ११. टोकियो डिस्नेलँडमध्ये मोफतची रेषा एक वर्ष पुढे आहे, म्हणजे ३ वर्षांच्या मुलालाही तिकीट नाही. ४ ते ११ लहान मूल आणि १२ ते १७ असा मधला तिसरा गट. ओसाकातलं युनिव्हर्सल स्टुडिओज जपान ४ ते ११. सिंगापूरचं युनिव्हर्सल ४ ते १२. जर्मनीतलं युरोपा-पार्क ४ ते ११. नेदरलँड्समधलं एफ्टेलिंग सगळ्यात सोपं: ३ वर्षांपर्यंत मोफत, चौथा वाढदिवस झाला की सगळ्यांना एकच दर. तिथे नऊ की दहा हा प्रश्नच येत नाही.

आता खरी मेख. आपण बोलताना "त्याला तिसरं लागलं" म्हणतो, म्हणजे मूल दोन पूर्ण करून तिसऱ्या वर्षात चालत असतं. पार्कांची सगळी वयं पूर्ण झालेली वर्षं असतात. "३ वर्षांखालील" म्हणजे तिसरा वाढदिवस अजून न झालेलं मूल. "३ ते ९" म्हणजे तिसऱ्या वाढदिवसापासून दहाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवसापर्यंत. बोलण्यातलं "तिसरं" तिकिटाच्या चौकटीत ३ म्हणून भरलं की मोफत जाणाऱ्या मुलाचं तिकीट निघतं. उलट चूकही होते: दहावा वाढदिवस झालेलं मूल "नऊ पूर्ण झाली ना" म्हणून ९ मध्ये बसवतात.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. दहाव्या वाढदिवसाला आठवडा असेल तर ऑर्लँडोत मूल ९ चंच. पॅरिसमध्ये तर अजून दोन वर्षं निवांत.

केशरी_पतंग

मी थोडं विरुद्ध बोलतो. ऑर्लँडोच्या दारात वयाचा कागद मागणं विरळाच. तीन वर्षांखालच्या मुलाला स्कॅन करायला तिकीटच नसतं, ते बाबागाडीत बसून आईबाबांबरोबर आत जातं. यासाठी फाइल घेऊन फिरायची गरज नाही. मूळ जन्मदाखला पाण्याच्या राइडवर भिजवून आणणं हा जास्त मोठा धोका आहे.

शंखपुष्पी

+१, मूळ दाखला मुळीच नेऊ नये.

नकाशावाला

केशरी_पतंग, निरीक्षण बरोबर, निष्कर्ष अर्धाच बरोबर. सहसा विचारत नाहीत. पण पार्कांच्या अटींमध्ये वयाचा पुरावा मागण्याचा हक्क राखून ठेवलेला असतो, पॅरिस आणि सिंगापूर दोन्हीकडे हे सांगितलेलं आहे. दारातला माणूस मुलाकडे बघतो. शंका आली नाही तर विचारत नाही. शंका आली आणि हातात काही नसलं की तिथून पुढे जे होईल ते त्याच्या मर्जीवर.

शंका कधी येते हेही ठरलेलं आहे. मूल सरासरीपेक्षा बरंच उंच. मूल अस्खलित वाक्यात बोलतंय आणि तिकीट नाही. चौघांच्या कुटुंबात तिकिटं दोनच. आणि वार्षिक पास काढताना, कारण तिथे नाव, फोटो, जन्मतारीख नोंदवली जाते.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. डिस्ने वर्ल्डच्या दारात ३ आणि त्याहून मोठ्या सगळ्यांचं बोट स्कॅनरवर ठेवायला सांगतात. त्याला बरेच जण वयाची तपासणी समजतात. ती तिकीट आणि माणूस यांची जोडी लावण्यासाठी असते, म्हणजे एकाचं तिकीट दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने वापरू नये. वयाशी तिचा संबंध नाही. ज्यांना बोट द्यायचं नसेल ते फोटो असलेलं ओळखपत्र दाखवू शकतात.

ओंजळ

बोटाचं मी अगदी तसंच समजत होते. धन्यवाद. म्हणजे "मागत नाहीत" आणि "मागणार नाहीत" यात फरक आहे.

गणितमास्तर

तारखेचा क्रम कोणीच बोललं नाही, आणि सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

अनेक देशांच्या पासपोर्टवर जन्मतारीख नुसत्या आकड्यांत असते: आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. अमेरिकेत वाचणारा आधी महिना वाचतो. समजा पासपोर्टवर ०५/०८/२०२३ आहे. खरा जन्म ५ ऑगस्ट २०२३ चा. अमेरिकन डोळ्याला तो ८ मे २०२३ दिसतो. जून २०२६ मध्ये पार्कला गेलात तर मूल खरं २ वर्षं १० महिन्यांचं, पण वाचणाऱ्याच्या हिशेबाने ३ पूर्ण. तुम्ही पुरावा दाखवलात आणि तोच पुरावा तुमच्या विरुद्ध गेला. दिवसाचा आकडा १३ किंवा पुढचा असेल तर असा घोळ होत नाही, १२ किंवा कमी असेल तर होऊ शकतो.

उपाय पासपोर्टवरच छापलेला आहे. फोटोच्या पानाच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ खुणांच्या. दुसऱ्या ओळीत पहिल्या ९ जागा पासपोर्ट क्रमांकाच्या, १०वा पडताळा अंक, ११ ते १३ राष्ट्रीयत्वाची अक्षरं, आणि १४ ते १९ जन्मतारीख. ती नेहमी वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने, प्रत्येकी दोन अंक. वरच्या मुलाची २३०८०५ अशी दिसेल. जगभरच्या पासपोर्टांना हा एकच नमुना आहे. वाद झाला तर त्या सहा अंकांवर बोट ठेवा. राष्ट्रीयत्वाच्या तीन अक्षरांनंतर लगेच, म्हणजे शोधायलाही वेळ लागत नाही.

तिकीटखिडकी

गणितमास्तर, हे सोन्यासारखं आहे. यात भर: ऑनलाइन तिकीट काढतानाही हाच सापळा. अमेरिकी पार्काच्या पानावर जन्मतारखेच्या चौकटीत पहिला रकाना महिन्याचा. ५ ऑगस्ट भरताना ०५ आधी टाकलं की प्रणालीत मूल तीन महिन्यांनी मोठं. दिवस १२ च्या आत असल्याने पान चूक दाखवत नाही, निमूट स्वीकारतं.

धुकं

फोनमधला फोटो चालतो का, हे कुणी सांगेल का? चौथा प्रश्न तसाच राहिला.

नकाशावाला

सांगतो. तीन थर ठेवायचे.

पहिला: पासपोर्टच्या फोटो-पानाची रंगीत छापील प्रत, मूळ आकारात. छोटी केली की तळाच्या दोन ओळी वाचता येत नाहीत. ही प्रत पाणी जाणार नाही अशा झिपच्या पिशवीत घालून बाबागाडीत नव्हे, अंगावरच्या छोट्या बॅगेत. राइडवर जाताना बाबागाडी बाहेर ठेवावी लागते.

दुसरा: त्याच पानाचा फोन-फोटो. तो फोनच्या आतच साठवलेला हवा. ऑनलाइन साठ्यात असेल तर दारातल्या गर्दीत नेटवर्क रखडतं आणि फोटो उघडतच नाही. फोटो काढताना फ्लॅश बंद, कारण पानावरच्या चकाकत्या थराने नेमकी तारीखच पांढरी पडते. दोन्ही पालकांच्या फोनवर ठेवा, संध्याकाळी एकाची बॅटरी संपलेली असते.

तिसरा: मूळ पासपोर्ट. हा हॉटेलच्या तिजोरीत. ज्या पार्कांत मूळ कागदाचीच अट लिहिलेली असेल तिथेच बरोबर न्या.

वय बघायला दारातल्या माणसाला फोटो, नाव आणि जन्मतारीख पुरते. दाखवा आणि परत घ्या. कोणी मुलाच्या पासपोर्टचा फोटो त्याच्या खाजगी फोनवर काढू लागला तर नाही म्हणा आणि पाहुणे-मदत खिडकीवर नेऊन दाखवायची तयारी सांगा.

शंखपुष्पी

जपानबद्दल एक दुरुस्ती. तिथे परदेशी पर्यटकाने पासपोर्ट सतत जवळ बाळगावा असा कायदा आहे, तो हॉटेलात ठेवायचा नाही. १६ वर्षांखालच्यांना यातून सूट आहे, म्हणजे मुलाचा पासपोर्ट खोलीत राहिला तरी नियमभंग नाही. पण मोठ्यांचे न्यायचेच असतात, तर मुलाचाही त्याच पाकिटात ठेवावा. टोकियोत १२ ते १७ चा मधला गट असल्याने अकरा-बाराच्या मुलांच्या वयाचा प्रश्न तिथे जास्त येतो.

पायवाट

मान्य, जपान अपवाद.

सावली७

अवांतर होईल, पण जपानवरून आठवलं. रेल्वेचं लहान मुलांचं सुइका कार्ड घ्यायचं असेल तर तिथे वयाचा पुरावा नक्की लागतो, पर्यटकाच्या मुलासाठी पासपोर्ट. लहान मुलांचं भाडं ६ ते ११ ला, आणि तिथे हिशेब वाढदिवसाचा नसून शाळेचा: प्राथमिक शाळा संपते त्या वर्षाच्या ३१ मार्चला कार्डाची मुदत संपते. फाटकातून लहान मुलाचं कार्ड टेकवलं की पाखराच्या चिवचिवाटासारखा आवाज होतो, म्हणजे मोठ्या माणसाने ते वापरलं तर सगळ्या फलाटाला कळतं! मुलांना तो आवाज इतका आवडतो की ती पुन्हा पुन्हा फाटकाकडे ओढतात.

केशरी_पतंग

चिवचिवाट! हे प्रत्येक पार्कात हवं.

धुकं

विमानाचंही इथेच लिहून ठेवते, कारण दोन रेषा मिसळतात. मांडीवरच्या बाळाची मर्यादा विमानात २ वर्षांची, पार्कात ३ किंवा ४ ची. विमानवाले जन्मतारीख खरोखर बघतात, आणि वय प्रत्येक उड्डाणाच्या दिवशी मोजतात. जाताना १ वर्ष ११ महिने आणि परतताना दोन पूर्ण, तर परतीला वेगळी जागा घ्यावी लागते.

ओंजळ

धुकं, हे कामाचं. माझा तिसरा प्रश्न जवळपास हाच होता. पार्काच्या बाबतीत मधेच वाढदिवस आला तर?

तिकीटखिडकी

पार्कातही आधार पार्कात जायच्या दिवसाचाच. तिकीट काढायच्या दिवसाचा नाही. हे पहिलं लक्षात ठेवा, कारण तिकिटं चार-पाच महिने आधी काढताना लोक आजचं वय टाकतात.

दोन प्रसंग वेगळे धरा.

मूल मोफत गटातून बाहेर पडतंय. सोमवार ते शुक्रवार पार्क, बुधवारी तिसरा वाढदिवस. सोमवार-मंगळवार तिकीट नको. बुधवारपासूनच्या दिवसांचं लहान मुलाचं तिकीट घ्या. सगळ्या पाच दिवसांचं घेऊ नका, आणि "सहल सुरू झाली तेव्हा दोनचा होता" यावर विसंबून एकही न घेता जाऊ नका. एखादा कर्मचारी तसं सोडतही असेल, पण त्या भरवशावर दारात उभं राहायचं नसतं. जमलं तर पार्कचे दिवस आधी आणि इतर भटकंती नंतर असा क्रम लावा, प्रश्नच मिटतो.

मूल लहानमधून प्रौढमध्ये जातंय. अनेक दिवसांचं एकच तिकीट असेल तर तिकीट घेण्याआधी पार्काला लेखी विचारा: पहिल्या वापराचं वय धरता की प्रत्येक दिवसाचं? उत्तराची प्रत फोनमध्ये. तोंडी उत्तर प्रत्येक खिडकीवर वेगळं मिळतं.

आणि जुनं, न वापरलेलं लहान मुलाचं तिकीट घरात पडून असेल आणि मूल दरम्यान दहाचं झालं असेल, तर डिस्ने वर्ल्डमध्ये पाहुणे-मदत खिडकीवर ते प्रौढाचं करून मिळतं. उलट दिशा अवघड. चुकून प्रौढाचं घेतलं तर फरक परत मिळणं कठीण, आणि तिकीट दलालाकडून घेतलं असेल तर पार्क तुम्हाला दलालाकडेच पाठवतं. म्हणून वयाची चौकट भरताना दोनदा बघा.

गणितमास्तर

यात एक गंमत. २९ फेब्रुवारी २०२४ ला जन्मलेली मुलं २०२७ मध्ये तीन पूर्ण करतील, आणि २०२७ ला २९ फेब्रुवारीच नाही. कायद्यातही एकमत नाही: ब्रिटनमध्ये अशा मुलाचं वय १ मार्चला पूर्ण होतं, न्यूझीलंडमध्ये २८ फेब्रुवारीला. दोन्ही हिशेबांनी २७ फेब्रुवारीला मूल दोनचं आणि १ मार्चला तीनचं. वाद फक्त २८ तारखेचा. त्या एका दिवशी पार्क टाळा, बस.

सावली७

त्या बाळाला चार वर्षांतून एकदाच वाढदिवस, आणि वर पार्कही टाळायचं? अन्याय आहे हो मास्तर!

केशरी_पतंग

वाढदिवसावरून: युरोपा-पार्कमध्ये १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला वाढदिवसाच्या दिवशी मोफत प्रवेश देण्याची पद्धत आहे. तिथे ओळखपत्र बघतातच, कारण सवलत तारखेवर आहे. आधी पुराव्याची गरज नाही म्हणत होतो, ते या ठिकाणी मागे घेतो. जाण्याआधी पार्काच्या पानावर सध्याची पद्धत बघून घ्या.

शंखपुष्पी

दक्षिण कोरियाही यादीत हवा. एव्हरलँडमध्ये मोफतची मर्यादा महिन्यांत दिलेली असते, ३६ महिन्यांखाली. पूर्वी तिथे बोलण्यात जन्मताच एक आणि दर नववर्षाला एक असं वय मोजायचे, त्यामुळे "तीन वर्षांचा" या शब्दाला पक्का अर्थ नव्हता. २८ जून २०२३ पासून सरकारी कामात पूर्ण वर्षांचं वयच धरतात. महिन्यांची अट मात्र टिकून आहे, आणि ३६ महिन्यांखालच्या सवलतीला कागद दाखवावा लागतो. तिथे पासपोर्ट न्याच.

धुकं

आणि जिथे वय नाहीच, उंची बघतात तिथे?

नकाशावाला

मग जन्मदाखल्याला काही अर्थ नाही, भिंतीवरची पट्टी हाच दाखला. इंग्लंडच्या लेगोलँड विंडसरमध्ये ९० सेंटीमीटरखाली मोफत. अमेरिकेतल्या सीडर पॉइंटला ४८ इंचांखालचं तिकीट वेगळं. यात थोराड मुलाचं नुकसान होतं. दोन वर्षं दहा महिन्यांचं मूल सहज ९० च्या वर असतं. चीनच्या रेल्वेने याच कारणाने १ जानेवारी २०२३ पासून मुलांची सवलत उंचीवरून वयावर आणली.

घरी मोजताना: अनवाणी, टाचा भिंतीला, हनुवटी सरळ, डोक्यावर पुस्तक काटकोनात धरून पेन्सिलची खूण, मग मोजपट्टी. तीनदा मोजा, मधला आकडा घ्या. सकाळची उंची संध्याकाळपेक्षा सुमारे १ सेंटीमीटर जास्त भरते, दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात. सीमेवरचं मूल असेल तर दोन्ही वेळा मोजून ठेवा.

आणि तिकिटाची रेषा वेगळी, राइडची वेगळी. तिकीट वयावर असलं तरी आत राइड उंचीवर. डिस्ने वर्ल्डमध्ये सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनला ३८ इंच (सुमारे ९७ सेंमी), सोअरिनला ४० (१०२), स्पेस माउंटनला ४४ (११२), ट्रॉनला ४८ (१२२). तिथे वयाचा कागद दाखवून काही होत नाही. पट्टा आणि अडसर त्या शरीराच्या मापाने बनवलेले असतात, मूल सात वर्षांचं असलं तरी ४२ इंचांच्या शरीराला ४४ चा अडसर धरून ठेवेलच असं नाही. बुटात कागदाच्या घड्या घालून उंची वाढवणारे लोक असतात. कृपा करून हे करू नका.

पायवाट

शेवटच्या ओळीला शंभर वेळा सहमत.

सावली७

मोठ्या मुलांचंही सांगा. डिस्ने वर्ल्डमध्ये एकट्याने आत जायला १४ पूर्ण हवीत ना?

तिकीटखिडकी

हो. १४ खालच्या मुलाबरोबर १४ किंवा मोठं कुणीतरी हवं, आणि ७ खालच्या मुलाला राइडवर बसवतानाही सोबत १४+ हवा. पॅरिसमध्ये १२ खालच्यांबरोबर प्रौढ हवा. म्हणजे चौदा-पंधराची दोन भावंडं आईबाबांआधी आत जाणार असतील तर त्यांच्याच खिशात पासपोर्टची प्रत हवी. पंधराचं बारीक चणीचं मूल बाराचं दिसतं, आणि प्रत आईच्या पर्समध्ये मागे राहिलेली असते. हे लोक विसरतात, कारण वयाचा पुरावा म्हणजे फक्त बाळाचा असं डोक्यात बसलेलं असतं.

केशरी_पतंग

एक प्रश्न स्पष्टच विचारतो, कारण विचार अनेकांच्या मनात येतो. तीन वर्षं एक महिन्याच्या मुलाला दोनचं म्हणून नेलं तर नक्की काय बिघडतं? चार आठवड्यांचा तर फरक.

शंखपुष्पी

बिघडतं. तिकीट ही त्यातली सगळ्यात छोटी गोष्ट.

दोनचं म्हणून न्यायचं तर मुलाला "कुणी विचारलं तर दोन सांग" हे पढवावं लागतं. तीन वर्षांचं मूल शिकवलेलं बरोबर सांगतं, आणि नेमकं नको तिथे सांगतं. गर्दीत मूल हरवलं तर पार्काचे लोक त्याला आधी नाव विचारतात, मग वय. डिस्ने वर्ल्डमध्ये हरवलेली मुलं बेबी केअर सेंटरमध्ये नेतात. इकडे तुम्ही घाबरून "तीन वर्षांचा, निळा शर्ट" सांगताय, तिकडे मूल "दोन" म्हणतंय. जुळवाजुळवीत जो वेळ जातो तो त्या मुलाच्या रडण्याचा असतो. मुलाला स्वतःचं नाव, वय आणि पालकाचं नाव खरं सांगता येणं हे कुठल्याही कागदापेक्षा महत्त्वाचं आहे.

नकाशावाला

शंखपुष्पी, याहून नीट कुणी मांडलं नसतं. जोडून एवढंच: मुलाच्या मनगटावर कागदी पट्टी बांधून त्यावर पालकाचा फोन क्रमांक देशाच्या कोडसकट लिहावा, परदेशात कोडशिवायचा क्रमांक लागत नाही. नाव दर्शनी बाजूला नको, परक्याने नावाने हाक मारली तर मूल त्याला ओळखीचा समजतं. सकाळी निघताना मुलांचा एक फोटो काढून ठेवा, त्या दिवशीच्या कपड्यांचा.

केशरी_पतंग

पटलं. हरवण्याचा विचार केलाच नव्हता. प्रश्न विचारला ते बरं झालं.

धुकं

चौथ्या प्रश्नाचा शेवटचा तुकडा राहिला: जन्मदाखला इंग्रजीत नसेल तर?

गणितमास्तर

पासपोर्ट असेल तर दाखला लागतच नाही. ज्या देशात राहता तिथल्याच पार्कला जात असाल आणि मुलाचा पासपोर्ट नसेल, तर स्थानिक सरकारी ओळखपत्र, ज्यावर फोटो आणि पूर्ण जन्मतारीख दोन्ही आहेत.

दाखल्याच्या अडचणी तीन. फोटो नसतो, म्हणून तो याच मुलाचा कशावरून हा प्रश्न उरतो. काही दाखल्यांवर बाळाचं नाव नसतं, जन्म आधी नोंदला आणि नाव नंतर ठेवलं तर रकाना रिकामा राहतो. तो भरून नवी प्रत काढून घ्या. आणि तारखेचे आकडे तिथल्या माणसाला न कळणाऱ्या लिपीत असतात. तेव्हा दाखला हा दुसरा कागद, पहिला नव्हे.

लसीकरणाचं हाताने भरलेलं कार्ड, शाळेचं फक्त इयत्ता लिहिलेलं ओळखपत्र, दवाखान्यातला बाळाचा पट्टा: हे वय सिद्ध करत नाहीत. शाळेच्या ओळखपत्रावर छापील जन्मतारीख असेल तर आधाराला ठीक.

ओंजळ

सगळं टिपून घेतलं. दोन शंका उरल्या. मुलं आजी-आजोबांबरोबर जाणार असतील आणि आडनावं वेगळी असतील तर? आणि ऑर्लँडोत तीन वर्षांखालच्या मुलाला रांग टाळायच्या लाइटनिंग लेनसाठी वेगळं काही घ्यावं लागतं का? तिकीटच नाही तर ते जोडणार कशाला?

तिकीटखिडकी

काही घ्यावं लागत नाही. ३ खालचं मूल सोबतच्या मोठ्यांबरोबर त्या रांगेतून जातं. बुफेतही वयोगट तेच, ३ ते ९ आणि पुढे.

नकाशावाला

आडनावाचा वयाशी संबंध नाही, दारात नातं विचारत नाहीत. नातं आणि पालकांची लेखी संमती लागते ती देशाच्या सीमेवर, ते वेगळं पत्र. फक्त आजोबांच्या फोनमध्ये फोटो "डाउनलोड" फोल्डरच्या तळाशी गाडून ठेवू नका. त्यांच्याकडे छापील प्रत द्या, आणि त्यावर जन्मतारखेखाली महिना अक्षरांत लिहिलेली एक चिठ्ठी टाचून ठेवा: "५ ऑगस्ट २०२३", इंग्रजीतही.

ओंजळ

चिठ्ठी आजच लिहिते. दोन्ही लिप्यांत.